पात्रतेचं तूप

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेला विमा हवा, तर बीएमआय 40 लागतो. सोबत बेफाम मधुमेहासारखा गंभीर आजार असल्यास 35 चालतो. माझा भरला 39, आणि शुगर निर्लज्जपणे नॉर्मल. कंपनीने सविनय नकार कळवला. शिस्त म्हणतात ती हीच! मग वैद्यकीय गरज म्हणून पुरणपोळीवर तुपाची धार सुरू झाली. ‘क्लेमसाठी एक घ्याच,’ म्हणत बायको वाढायची. कंपनीने खरं तर पात्रतावर्गच काढावेत : सकाळी बासुंदी, संध्याकाळी बटाटेवडे, शुल्क हप्त्यांत.

आकडा 40 झाला, मंजुरी आली, जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग गेला. आता वाटीभर वरणाला अर्धा तास लागतो. परवा पॉलिसी नूतनीकरणाचं पत्र आलं : वजन आटोक्यात ठेवणाऱ्यांना हप्त्यात सवलत.

39 वर अडकलेल्यांनी धीर सोडू नये. गणपती जवळ आलेत.