वरून आलंय

आमच्या खारघरच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर बेडरूमच्या छताला ओल आली. काठाला काळपट-हिरवी बुरशी, मधोमध सुटलेले पोपडे. जरा बोट लावलं की चुना थेट उशीवर. पाचवा सहाव्याकडे गेला. सहावा म्हणाला, "आमच्याकडून नाही, वरून येतंय." सातव्याने गच्चीकडे बोट दाखवलं. गच्ची सोसायटीची, म्हणजे कुणाचीच नाही. सेक्रेटरींनी छताकडे न बघताच निकाल दिला, "अहो, पाऊस वरूनच पडतो!"

बुरशी आकाशातून आल्याचं इतक्या अधिकृतपणे मी प्रथमच ऐकत होतो. एरवी हे बोलणं थोरामोठ्यांचं. पृथ्वीवरची जीवसृष्टी धूमकेतूंबरोबर आली असावी, असं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे सांगत. हॉईल यांचे शिष्य म्हणजे आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर. नारळीकरांत आणि आमच्या सेक्रेटरींत फरक एवढाच, की नारळीकरांनी वर जाऊन बघायची व्यवस्था केली.

२००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ला हैदराबादहून फुगा सोडला गेला. दुसऱ्या खेपेला ४५९ किलोंचं सामान, त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन. निर्जंतुक केलेल्या नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोठवून खाली आणली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी ती तपासली. २००९ मध्ये जाहीर झालं, की जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या, आणि जिवाणूंच्या तीन जाती अगदी नव्या. एकीला हॉईल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटांचं. बारसं झोकात झालं. आणि मग काय म्हणावं या लोकांनी? हे जीव परग्रहावरचेच, असं यावरून पक्कं म्हणता येत नाही!

एवढा फुगा उडवून 'पक्कं म्हणता येत नाही'? आमच्याकडे माणूस जिन्याची एक पायरी न चढता पक्कं सांगतो.

पुढे तर इस्रोच्या नावाच्या जिवाणूची कुळातून बदली झाली आणि तो 'सॉलिबॅसिलस' झाला, म्हणजे मातीतला दंडाणू. आणला वरून, सातबारा निघाला खालचा.

खरं तर 'मूळचे कुठले?' हा प्रश्न खारघरात जपून विचारावा. सेक्टरांत राहणारे आम्ही कुणी साताऱ्याचे, कुणी केरळचे, कुणी पंजाबचे. कोपरा, मुर्बी, ओवे इथल्या ज्यांच्या भातखाचरांवर हे शहर उठलं आणि जे त्या जमिनीच्या मोबदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची वाट बघत म्हातारे झाले, त्यांच्या हिशेबी आम्ही सगळे आकाशातूनच पडलोय. डोमिसाइलला १५ वर्षांचा रहिवास लागतो. जीवसृष्टीचा रहिवास साडेतीन अब्ज वर्षांचा, तरी तिचा दाखला अजून रखडलेलाच. लाइट बिल नसेल जोडलेलं.

बेन्नू नावाच्या लघुग्रहाचे खडे २०२३ मध्ये पृथ्वीवर आले. त्यांत प्रथिनांना लागणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी १४ सापडली, डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक सापडले. लगेच बातम्या, 'जीवन अवकाशातूनच!' साइटवर वाळू, विटा, सिमेंट येऊन पडणं आणि फ्लॅटचा ताबा मिळणं यातला फरक खारघरात बुकिंग केलेल्या माणसाला कुणी समजावायला नको. आणि समजा, आलंच सगळं वरून, तरी तिथे ते कुठून आलं? पुन्हा सहावा, सातवा, गच्ची.

शेवटी पाचव्याने किल्ली मिळवली आणि आम्ही चौघे गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीमागे, कठड्याच्या भेगेत हातभर उंचीचा पिंपळ डोलत होता. तांबूस कोवळी पानं. कुठल्या तरी पाखराने बी टाकलेलं.

सेक्रेटरींची छाती फुगली. "बघा! वरूनच आलं की नाही?"

प्लंबर गुडघ्यांवर बसून भेगेत स्क्रू ड्रायव्हर घालत होता. बराच वेळ खरवडून तो म्हणाला, "साहेब, मूळ काय हाती लागत नाही. लई खाली गेलंय."