आधी निवेदन, मग मृत्यू, मग गतिरोधक

शहरात रस्त्यावर माणूस गेला की पुढे काय होणार हे आता सगळ्यांना पाठ आहे. संध्याकाळी रास्ता रोको. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांची पाहणी. तिसऱ्या दिवशी माननीय नगरसेवकांचं आयुक्तांना पत्र, त्याची प्रत वर्तमानपत्रांना. आठवड्याच्या आत डांबराचा एक उंचवटा. त्यावर पट्टे नाहीत, अलीकडे फलक नाही, वर दिवा नाही. विषय संपला. आणि त्याच जागेसाठी सोसायटीने वर्षभरापूर्वी दिलेलं निवेदन, आवक क्रमांकाचा शिक्का लेवून, क्षेत्रीय कार्यालयाच्या कपाटात पडलेलं असतं.

सरळ सांगतो: आपल्या महापालिकांत रस्ता सुरक्षेचा प्राधान्यक्रम धोक्यावर ठरत नाही, आवाजावर ठरतो. ज्या गल्लीत निवृत्त अभियंते आणि वकील राहतात तिथे गतिरोधकांची रांग लागते. जिथे मरणारा रात्रपाळीचा सुरक्षारक्षक असतो, पहाटे झाडायला निघालेली सफाई कामगार असते, परगावचा बिगारी असतो, तिथे रास्ता रोको करायला कोण येणार? तिथला मृत्यू पंचनाम्यात राहतो. अंदाजपत्रकापर्यंत पोचत नाही.

अंदाजपत्रकाकडेच बघू. पुण्यात 'स यादी' नावाचा प्रकार पत्रकारांना आणि ठेकेदारांना चांगला ठाऊक आहे. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली कामं या यादीत येतात. त्यात बाकडी येतात, कमानी येतात, नामफलक येतात, चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवण्याचं काम येतं. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला कामं सुचवण्याचा अधिकार हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रभागाला पैसे समान वाटले म्हणून मरण समान वाटलं जात नाही. एका प्रभागातून अवजड वाहनांचा रस्ता जातो, दुसऱ्यात टेकडी आणि बंगले आहेत. दोघांना सारखाच निधी देणं हा न्याय नव्हे. वर मार्च जवळ आला की 'वर्गीकरण' सुरू होतं. एका शीर्षकाखालचा न वापरलेला पैसा दुसऱ्या शीर्षकाखाली वळवायचा. ज्या कामासाठी भांडायला कुणी नसतं, त्याचाच पैसा आधी वळतो.

कुणी म्हणेल, नगरसेवक नसते तर हे सुधारलं असतं. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि मुंबई महापालिकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं दोन्हीकडे प्रशासकांचं राज्य होतं. तेव्हा तर माननीयांचा दबाव नव्हता. मग धोक्याच्या क्रमाने लावलेली कामांची यादी, प्रत्येक कामापुढे रक्कम आणि तारीख, अशी एका पानावर का नाही आली?

माहिती नाही हे उत्तर चालणार नाही. अपघात झाला की पोलीस जागेवरून त्याची नोंद अक्षांश-रेखांशासह संगणकात भरू शकतात. मद्रास आयआयटी आणि राष्ट्रीय सूचना केंद्राने उभी केलेली ही व्यवस्था पहिल्यांदा ज्या सहा राज्यांत आली, त्यांत महाराष्ट्र होता. माणूस कुठे, किती वाजता, कशाखाली गेला हे सरकारला कळतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे, तिच्या बैठका होतात. ब्लॅक स्पॉटच्या याद्या निघतात, छापूनही येतात. आता त्यातली एक जागा निवडा आणि तिच्यासाठी कुठल्या शीर्षकाखाली किती तरतूद केली, हे अंदाजपत्रकात शोधून दाखवा.

त्यात ब्लॅक स्पॉट ठरवण्याची रीतच मुळात शहरासाठी अपुरी. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे: सुमारे ५०० मीटरचा पट्टा, तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा मग दहा मृत्यू. म्हणजे नाव नोंदवायला त्या जागेने आधी माणसं द्यायची. आणि शहरातला पादचारी एका ठिकाणी ठरवून मरत नाही. एकच लांब रस्ता, एका वर्षी या बसथांब्यापाशी एक आजी, पुढच्या वर्षी किलोमीटरभर पुढे एक विद्यार्थी, त्यानंतर पेट्रोल पंपासमोर सायकलवाला. एकही जागा व्याख्येत बसत नाही, पण अख्खा रस्ता जीवघेणा असतो. म्हणून शहराने ठिपके मोजणं थांबवून रस्ते मोजले पाहिजेत. दर किलोमीटरला किती मृत्यू, किती गंभीर जखमी, गाड्यांचा वेग किती, ओलांडायला सुरक्षित जागा किती अंतरावर. शाळा, रुग्णालय आणि बसथांब्यासमोर तर मृत्यूची वाटच बघायची नाही.

ही मागणी हवेतली नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले. त्या वर्षीचे सर्वाधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा कुठल्याही उपायाला पहिला प्रश्न एकच विचारायचा: याने गाडी हळू होणार की आणखी सुसाट? याच कसोटीवर पादचारी पुलांचे प्रस्ताव तपासा. गुडघे धरून साठ पायऱ्या चढायच्या आजीने, आणि वेग कमी न करता खालून जायचं गाडीवाल्याने. हा पूल वाहनांच्या सोयीचा आहे. त्याचा खर्च पादचारी सुरक्षेच्या नावावर टाकू नका.

गतिरोधकाला माझा विरोध नाही. नीट बांधलेला गतिरोधक जीव वाचवतो. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्येच त्याचं माप लिहून ठेवलं: गोलाकार उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, गाडी ताशी २५ किलोमीटरच्या आसपास अलगद जावी असा उतार, आणि चालकाला आधीच कळावं म्हणून ४० मीटर अलीकडे फलक. आपल्याकडे रात्रीतून टाकलेला ढिगारा या मापात बसतो का, हे बघायला फूटपट्टी पुरेशी आहे. अंधारात न दिसणाऱ्या, रंग न मारलेल्या असल्या उंचवट्यावरून दुचाकीवर मागे बसलेली बाई फेकली जाते, तेव्हा सुरक्षेच्या नावाखाली महापालिकेनेच अपघाताची जागा तयार केलेली असते.

मोठ्या कामाची आणखी एक गोष्ट. पुण्यातल्या कात्रज-कोंढवा रस्त्याचं रुंदीकरण २०१८ मध्ये हाती घेतलं आणि भूसंपादनात अडकलं. ८४ मीटरची रुंदी ५० मीटरवर आणावी लागली. असा रस्ता रखडतो तेव्हा त्यावरची छोटी कामंही रखडतात, कारण 'रस्ता होणारच आहे, आता कशाला खर्च?' दिवे, खचलेल्या कडा, दुभाजकाच्या टोकाला रिफ्लेक्टर ही काही लाखांची कामं कोट्यवधींच्या कामाची वाट बघत बसतात. माणसं मात्र रोज त्याच रस्त्याने जातात. माझ्या मते प्राधान्यक्रमातला सगळ्यात मोठा दोष हाच आहे.

नवले पुलासारख्या ठिकाणी हद्दीचा घोळ त्यात भर घालतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनचा तो लांब उतार सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका मालवाहू गाडीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, आजूबाजूची वस्ती आणि तिचे रस्ते महापालिकेचे, नियमन पोलिसांचं. जखमी माणसाला हद्द दिसत नाही. बैठकीत मात्र प्रत्येक जण आपली हद्द कुठे संपते तेच आधी सांगतो.

आणि कायदा गप्प नाही. रस्ते बांधणं, ते सुस्थितीत ठेवणं आणि दिवाबत्ती ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, मर्जीची नव्हेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं: रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई हवीच. पण जी यंत्रणा मृत्यूनंतर सहा लाख मोजू शकते, तिने त्याआधी खड्डा का बुजवला नाही?

पुणे महापालिकेला हे जमत नाही असंही नाही. २०१६ मध्ये तिने पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ केले, बसायला जागा केली, आणि लोक तिथे आनंदाने चालतात. म्हणजे आराखडा करणारे आहेत, अभियंते आहेत, पैसाही आहे. हेच काम सोलापूर रस्त्यावर, नगर रस्त्यावर, उपनगरांतल्या नव्या डीपी रस्त्यांवर त्याच मापाने का होत नाही? तिथे पदपथ आधी टपरीचा, मग ट्रान्सफॉर्मरचा, मग दुचाकींचा, आणि उरलाच तर माणसाचा.

आयुक्तसाहेब, तीन गोष्टी करा. शहरातले सगळे प्रमुख रस्ते मृत्यू आणि गंभीर दुखापतींच्या क्रमाने लावून यादी संकेतस्थळावर टाका, पुढे काम, रक्कम आणि जबाबदार अभियंत्याचं पद लिहा. काम झाल्यावर वर्षाने त्याच जागेचा आकडा पुन्हा छापा, कमी झाला असो वा नसो. आणि रस्ता सुरक्षेच्या शीर्षकातून वर्गीकरण करायला बंदी घाला.

नगरसेवकांनो, यादी आधी स्वतःच्या प्रभागापुरती मागून घ्या. 'स यादी'तली एक कमान रद्द करून त्या पैशात एका शाळेसमोर उंच केलेला झेब्रा, एक दिवा आणि १.८ मीटरचा मोकळा पदपथ मागा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. वर्क ऑर्डर एप्रिलमध्ये निघाली तरच हे काम त्याआधी होईल. थर्मोप्लास्टिकचे पट्टे ओल्या रस्त्यावर धरत नाहीत, त्यामुळे मे महिना हुकला की ते काम थेट पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमाराला. तोवर शाळेचं अर्धं वर्ष झालेलं असेल.