मंगळाचं ऐकू येतं, मंचरचं येत नाही

19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या एका यानाचा क्षीण आवाज जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणीने ऐकला. यान युरोपचं, नाव शियापरेली. कोट्यवधी किलोमीटर तुडवून आलेल्या रेडिओलहरी कांद्या-उसाच्या शिवारात उभ्या असलेल्या तबकड्यांनी बरोबर टिपल्या. मी खोडदपासून फार लांब राहत नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, मंचरला. आणि माझ्या लॅपटॉपच्या कंपनीला माझा फोन ऐकू येत नाही. "सर, आपला आवाज तुटतोय," असं म्हणून पलीकडची बाई फोन ठेवते. रेंज फुल्ल असते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ग्राहकाचा आवाज तुटत असला तरी बदनामीचा आवाज कंपन्यांना स्वच्छ ऐकू येतो, असं ऐकून आहे.

झालं होतं ते असं. लॅपटॉपच्या पडद्यावर कंपनीचा निरोप आला: महत्त्वाची सुरक्षा सुधारणा आहे, बायोस ताबडतोब अपडेट करा. बायोस म्हणजे यंत्राच्या पोटात कंपनीने भरून दिलेलं सॉफ्टवेअर. विंडोज जागी व्हायच्या आधी काळ्या पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह झळकतं, तो सगळा कारभार याचा. शिकलेली माणसं त्याला फर्मवेअर म्हणतात. नखाएवढ्या, आठ पायांच्या एका चिपमध्ये ते मावतं आणि तेवढ्यावर साठ हजारांचा डोलारा उभा असतो. सूचनेत लिहिल्याप्रमाणे चार्जर लावला, बॅटरी भरलेली ठेवली, बटण दाबलं. पट्टी सरकत सरकत निम्म्यावर गेली, पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. लाईट गेली नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे काहीही बिघडलं तरी पहिली शिवी लाईटवाल्यांना जाते.

मग कस्टमर केअर. आधी सिरीयल नंबर, मग बिल पीडीएफमध्ये, मग पलीकडून आज्ञा झाली, "सर, लॅपटॉप चालू करून बायोसचं व्हर्जन सांगाल का?" म्हटलं, ताई, तो चालू होत नाही म्हणूनच फोन केलाय. "ओके सर. चालू झाला की सांगा."

वरच्या साहेबांकडे फोन दिला गेला. साहेब सौम्य होते.

"अपडेट तुम्ही केलंत ना सर?"

"तुम्ही पाठवलंत म्हणून केलं."

"पाठवलं आम्ही. केलं तुम्ही." थोडं थांबून म्हणाले, "तसाही या मॉडेलचा सपोर्ट संपलाय."

"सपोर्ट संपलाय, तर अपडेट कसं आलं?"

"ते शेवटचं होतं सर."

शेवटचं होतं, यात शंका नाही.

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला जायचं तर वाटेत चाकणची कोंडी. त्या कोंडीत माणूस म्हातारा होतो, त्यामुळे सेंटरला पोचेपर्यंत लॅपटॉप जुना झाल्याचं तेही मान्य करतात. तिथल्या मुलाने झाकण न उघडताच निदान केलं: मदरबोर्ड बदलावा लागेल. किंमत जवळजवळ नव्या लॅपटॉपच्या निम्मी. मी हो म्हणणार असं दिसताच त्याने पुढचं सांगितलं: बोर्ड येत नाही.

नारायणगावात उन्हाळ्याच्या तोंडावर तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, यात्रेच्या तारखा ठरतात, सुपाऱ्या दिल्या जातात. विसार घेतलेल्या एखाद्या फडमालकाने गण-गवळण आटोपल्यावर "वगाचा सपोर्ट संपलाय मंडळी" म्हणत पाल गुंडाळलं, तर गावकरी त्याला वेशीबाहेर जाऊ देतील? तमाशाच्या धंद्यात एवढी लाज आहे. संगणकाच्या धंद्यात पाल गुंडाळण्याला धोरण म्हणतात, आणि ते धोरण इंग्रजीत, बारीक टायपात, वेबसाईटच्या तळाशी असतं.

त्या शेवटच्या अपडेटसोबत कंपनीने एक टीप जोडली होती. या सुधारणेत काय केलं, तर "प्रणालीची स्थिरता वाढवली." एवढंच. स्थिरता खरोखरच वाढली. यंत्र जागचं हललं नाही. आता शियापरेलीचं काय झालं ते बघा. ते यान उतरता उतरता गेलं. उतरण्याची मोजणी करणारं एक उपकरण साधारण सेकंदभर गोंधळलं, त्यावरून आतल्या सॉफ्टवेअरने हिशेब केला की आपण जमिनीच्याही खाली पोचलो. पॅराशूट सोडून दिलं, वेग कमी करणारे रॉकेट तीनेक सेकंदांत बंद केले आणि जमिनीवरची कामं सुरू केली. तेव्हा यान पावणेचार किलोमीटर उंचीवर होतं. मग ते ताशी 540 किलोमीटर वेगाने मंगळावर आदळलं. पण युरोपच्या अवकाश संस्थेने चौकशी केली आणि मे 2017 मध्ये अहवाल जगापुढे ठेवला: कुठलं उपकरण, किती वेळ, हिशेब कुठे फसला. कोट्यवधी युरोंची फजिती त्यांनी लिहून दिली. माझ्या साठ हजारांची फजिती "स्थिरता वाढवली" या दोन शब्दांत दडपली.

आता खोडदचं बघू. तिथली दुर्बीण जीएमआरटी, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. 14 मध्यभागी गर्दी करून आणि 16 तीन बाहूंवर लांबवर पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या हलक्या, स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीच्या केल्या. एवढी मोठी तबकडी आणि वाऱ्याला जाळीतून वाट. 1990 च्या दशकात उभारलेलं हे यंत्र. ज्या काळात घरी संगणक असणारा माणूस तालुक्यात ओळखला जायचा, त्या काळातलं. कंपनीच्या हिशेबाने ते भंगार व्हायला हवं. पण मागच्या दशकात तिथल्या इंजिनिअरांनी तबकड्या त्याच ठेवून पोटातलं बदललं. एका वेळी 32 मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकणारी दुर्बीण 400 मेगाहर्ट्झचा ऐकू लागली. हे करताना दुर्बीण बंद करून "सिस्टम अपडेट होत आहे, कृपया प्रतीक्षा करा" अशी पाटी लावली नाही. काम चालू, निरीक्षणंही चालू. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी तिथे शाळेच्या पोरांची जत्रा भरते, तेव्हा मोबाईल बंद ठेवायला सांगतात. दुर्बिणीला मोबाईलचा गोंगाट सोसत नाही. माझ्या माहितीत मोबाईल बंद करायला सांगून वर तुमचं ऐकणारी ही एकच जागा.

हीच दुर्बीण आमच्या कंपनीने विकली असती तर खोडदला पत्र आलं असतं: "प्रिय ग्राहक, आपल्या 45 मीटर तबकडीची (30 नग) सेवा-मुदत संपली आहे. विश्वाची नवी आवृत्ती आपल्या मॉडेलवर चालणार नाही. जुन्या तबकड्या एक्स्चेंजमध्ये दिल्यास नव्या खरेदीवर पाचशे रुपये सूट. तबकडी मूळ खोक्यात असणे आवश्यक."

तिकडे नासाचं व्हॉयेजर 1 आहे. 1977 साली सोडलेलं, सौरवाऱ्याच्या वेशीबाहेर, 2400 कोटी किलोमीटरहून दूर. 2023 च्या अखेरीस ते असंबद्ध बडबडू लागलं. स्मृतीची एक चिप गेली होती. ती बदलायला तिथे चाकणमार्गेही जाता येत नाही. मग इंजिनिअरांनी तिच्यातलं सॉफ्टवेअर तुकडे करून उरलेल्या स्मृतीत इकडे तिकडे बसवलं. निरोप जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. 2024 च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा शुद्धीवर आलं. सेहेचाळीस वर्षांच्या यंत्राला सपोर्ट. वॉरंटी कार्ड कुणी मागितलं नाही.

लॅपटॉपचं रडगाणं तसं शहरी आहे. नवा घेता येतो, शिव्या देता देता. पण आमच्याकडे हे फर्मवेअर आता विहिरीवर जाऊन बसलंय. जुन्नर-आंबेगावात रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला जाणं म्हणजे उसात बिबट्याशी गाठ पडण्याची तयारी. दिवसा थ्री फेज द्या ही मागणी घसा फुटेस्तोवर करून झाली. तोवर लोकांनी आपला उपाय शोधला: मोटरीच्या पेटीत सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर. घरात बसून फोन लावायचा, मोटर चालू. झकास सोय. पण त्या डबीच्या पोटातही कुणीतरी सॉफ्टवेअर भरलेलं असतं, आणि तो कुणीतरी नंतर सापडत नाही. डबी जुनी, टूजीवर चालणारी. टूजीच नसलेल्या कंपनीचं सिम त्यात घालून उपयोग नाही. आमच्या शेजाऱ्यांची डबी गेल्या पावसाळ्यापासून नवीच चाल खेळते. फोन केला की सांगते, मोटर चालू आहे. पाटाला थेंब नसतो. शियापरेलीचाच आजार: पोचण्याआधी पोचल्याची खात्री. फरक इतकाच की मंगळावर बघायला कुणाला जावं लागलं नाही. इथे घरातलं कुणीतरी रात्री अकराला बॅटरी आणि काठी घेऊन उसाच्या कडेने जातं. डबी विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "त्याला अपडेट नसतं. नवीन मॉडेल आलंय."

कॅमेऱ्यांचं तेच. कांद्याच्या बराखीवर, गोठ्यावर, अंगणात सीसीटीव्ही लागले. निम्मे चोरांसाठी, निम्मे बिबट्यासाठी. पासवर्ड बहुतेकांचा "ॲडमिन". खोडदने मंगळाचा आवाज ऐकला त्याच आठवड्यात, 21 ऑक्टोबर 2016 ला, असल्याच हजारो कॅमेऱ्यांनी आणि रेकॉर्डरांनी मिळून अमेरिकेतल्या डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट काही तास आडव्या झाल्या. मिराई नावाच्या संगणकी किड्याने त्यांचे कारखान्यातले पासवर्ड वापरून त्यांना फितवलं होतं. कित्येकांत तो पासवर्ड फर्मवेअरमध्येच कोरलेला. मालकाने बदलायचा म्हटला तरी बदलत नव्हता. म्हणजे राखणीला ठेवलेला कॅमेरा परक्याच्या दरोड्यात सामील, आणि मालक आपला बिबट्याची वाट बघतोय. ब्रिटनने 29 एप्रिल 2024 पासून असल्या वस्तू सोप्या पासवर्डसह विकायला बंदी केली. सुरक्षेचे अपडेट किती काळ देणार हेही विकतानाच सांगावं लागतं. आपल्याकडे 2025 च्या एप्रिलपासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षा तपासणी सक्तीची झाली. बराखीवरच्या जुन्या कॅमेऱ्याला हे कुणी कळवलेलं नाही.

मोठ्या कंपन्यांचा कारभार तरी शहाणा असेल असं वाटत होतं. 2024 च्या जुलैमध्ये उघड झालं की दोनशेहून जास्त मॉडेलांच्या संगणकांत सुरक्षेचं मुख्य कुलूप ज्या किल्लीने लागतं, ती नमुन्यासाठी दिलेली चाचणीची किल्ली होती. ती बनवणाऱ्या अमेरिकन मेगाट्रेंड्सने तिच्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं: विश्वास ठेवू नका. नामांकित कारखान्यांनी तीच लावून माल पाठवला. आम्ही सातबारा वाचता येत नाही म्हणून तलाठ्यापुढे हात जोडतो; यांना किल्लीवरचं लेबल वाचता आलं नाही. पुढच्याच महिन्यात एएमडीच्या प्रोसेसरांत एक खोल भोक सापडलं. 2019 साली आलेल्या रायझन 3000 ला दुरुस्ती मिळणार नाही, असं कंपनीने आधी सांगितलं. लोकांनी बोंब मारली, तेव्हा थोड्याच दिवसांत मिळाली. म्हणजे सपोर्ट संपतो तो बोंब कमी पडल्यावर. हे धोरण तरी आम्हाला ओळखीचं आहे. आमच्याकडे कालव्याला पाणी असंच सुटतं.

तर माझा लॅपटॉप. तो शेवटी मंचरातच उठला. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानातल्या पोराने माझी कहाणी अर्धी ऐकली आणि म्हणाला, "नाना, बोर्ड चांगलाय. बायोस उडालाय. मारून देतो." झाकण उघडलं, आठ पायांच्या त्या चिपला छोटा चिमटा लावला, चिमट्याची वायर एका काळ्या यूएसबी डबीत, डबी त्याच्या संगणकात. आधी चिपमधलं होतं तसं काढून जपून ठेवलं. "काही करायच्या आधी डम्प घ्यायचा, नाना. कंपनी घेत नाही." मग एक फाइल चिपमध्ये भरली. अर्ध्या तासात बोधचिन्ह झळकलं. जाऊन-येऊन चाकणला लागतो त्याहून कमी वेळ, आणि बिल सहकुटुंब मिसळ खाण्याइतकं.

गंमत एवढीच की ती फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी त्याच मॉडेलमधून काढलेली आहे. त्यामुळे माझा लॅपटॉप आता स्वतःचा सिरीयल नंबर वेगळा सांगतो. कंपनीच्या साईटवर तो नंबर टाकून पाहिला. वॉरंटी शिल्लक निघाली.

त्या पोराच्या हार्ड डिस्कमध्ये गावातल्या, तालुक्यातल्या, आळेफाट्यापासून घोडेगावापर्यंतच्या मेलेल्या-जगलेल्या लॅपटॉपांचे डम्प कंपनीवार, मॉडेलवार लावून ठेवलेले आहेत. मी बसलो असतानाच त्याला फोन आला. पुण्याच्या एका सर्व्हिस सेंटरमधला माणूस होता. एका जुन्या मॉडेलची फाइल त्यांना कुठेच मिळत नव्हती. पोराने स्पीकर चालू केला, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि शुद्ध पुणेरीत म्हणाला, "नक्की पाठवतो सर. आधी सिरीयल नंबर सांगा, आणि बिल पीडीएफमध्ये पाठवा."