रोखीची घाई कोणाला आहे?

मे महिना उजाडला की कोकणातल्या सड्यांवर गाड्या दिसायला लागतात. त्या आंब्यासाठी आलेल्या नसतात, जमीन बघायला आलेल्या असतात. एजंटाला हा महिना पक्का ठाऊक असतो. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, सातबाऱ्यावरची सामायिक नावं एकाच पडवीत जमलेली असतात. सह्यांसाठी डोंबिवली, नालासोपारा, बडोदा अशी वणवण करावी लागत नाही. गणपतीतही हेच चालतं.

पडवीत बसून तो जे बोलतो ते रत्नागिरी काय आणि सिंधुदुर्ग काय, सगळीकडे सारखंच. “काका, तुमचं ते वरकस नुसतं पडून आहे. ना रस्ता, ना पाणी, ना लाईट. सातबाऱ्यावर बारा नावं, इतर हक्कात कुळाचा शेरा. असल्या जमिनीला गिऱ्हाईक कुठून मिळणार? माझ्याकडे पार्टी आहे. थेट व्यवहार, मोजणीची कटकट नाही, आठ दिवसांत रोख.” मग आवाज खाली आणून, “कागदावर थोडे दाखवू, बाकीचे हातात.”

हे शेवटचं वाक्य ऐकून काकांना वाटतं, आपली सोय बघतोय. मुलाच्या शिक्षणाचं कर्ज असतं, घराचं छप्पर असतं, कोणाचं तरी ऑपरेशन असतं. हातात गड्डी येणार म्हटल्यावर माणूस सैल होतो. त्यात त्याची चूक नाही. पण रोखीची गरज काकांना नसते, घेणाऱ्याला असते. हे त्यांना त्या पडवीत कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो.

गावाकडची शेतजमीन विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. आयकर कायदा अशा जमिनीला भांडवली मालमत्ता मानतच नाही. अट एवढीच की जमीन शहराला चिकटून नको. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या बाहेर, दहा लाखांपर्यंतच्या शहरापासून सहा, त्याहून मोठ्यापासून आठ, आणि तेही सरळ रेषेत मोजून. रत्नागिरी आणि चिपळूण ही आपली मोठी गावं दोन किलोमीटरच्या गटात बसतात. म्हणजे लांजा, राजापूर, देवगडच्या आतल्या गावांत कोणी शेतजमीन विकली आणि सगळी रक्कम बँकेत घेतली, तरी या कराची भीती नाही. बिनशेती करून विकली तर गोष्ट वेगळी. पण काका बिनशेती करून विकत नाहीत, कच्चीच विकतात. बिनशेती करणारा पुढचा माणूस असतो. तो एकराने घेतो आणि गुंठ्याने विकतो.

मग रोख कशाला? कारण त्याच्याकडचा पैसा हिशेबाबाहेरचा असतो आणि तो कुठेतरी जिरवायचा असतो. आतल्या गावातल्या सड्याचा सरकारी रेडीरेकनर दर खऱ्या भावाच्या मानाने बऱ्याचदा फारच कमी असतो. त्या दोन आकड्यांमधल्या पोकळीत त्याचे दोन नंबरचे पैसे मावतात. मुद्रांक शुल्कही वाचतं. हे सगळे फायदे त्याचे.

काकांच्या वाट्याला काय येतं? दंडाची टांगती तलवार. १ जून २०१५ पासून जमीन-घराच्या व्यवहारात विसार म्हणून वा अन्य कारणाने वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला बंदी आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुठल्याही कारणासाठी स्वीकारता येत नाही. नियम मोडला तर जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड, आणि तो पैसे देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. इथे पैसे घेणारा म्हणजे जमीन विकणारा. एरवी ज्या माणसाचा आयकराशी संबंधच आला नसता, त्याला हा व्यवहार आयकर खात्याच्या दारात नेऊन उभा करतो.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बंगळुरूच्या एका जमिनीचा वाद होता. पंचाहत्तर लाख रुपये रोख आगाऊ दिल्याचा दावा होता. न्यायालयाने सांगितलं की दोन लाख किंवा त्याहून जास्त रोखीचा उल्लेख असलेला दावा आला की कनिष्ठ न्यायालयाने आयकर खात्याला कळवायचं, आणि नोंदणी कार्यालयात दस्तातून अशी गोष्ट दिसली तर दुय्यम निबंधकानेही कळवायचं. ‘कोणाला कळणार आहे?’ म्हणत व्यवहार करणाऱ्यांनी हा आदेश लक्षात ठेवावा.

आणि पैसे बुडाले तर? खरेदीखतात लिहिलेलं असतं की ठरलेली सर्व रक्कम मिळाली, तक्रार नाही. त्याखाली काकांची सही, अंगठा, फोटो. ठरले चाळीस लाख, लिहिले नऊ. बाकीच्यांतले वीस पहिल्या दिवशी आले, उरलेले ‘पुढच्या आठवड्यात’. तो आठवडा आला नाही तर काकांनी कुठल्या कागदावर बोट ठेवायचं? त्यांच्याच सहीचा कागद सांगतो की व्यवहार नऊ लाखांचा होता आणि तो पुरा झाला. पोलीस ठाण्यात गेले तर आधी आपणच रोख घेतल्याचं कबूल करावं लागतं. ही अडवणूक ठरवून केलेली असते.

आता गावाचं बघू. हा नऊ लाखांचा दस्त फक्त काकांचा राहत नाही. उद्या महामार्ग आला, रेल्वेची दुसरी मार्गिका आली, औद्योगिक क्षेत्र आलं की २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारभाव ठरवताना आजूबाजूच्या गावांतली मागच्या तीन वर्षांची नोंदलेली खरेदीखतं बघतात. त्यातल्या चढ्या किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी काढतात. पण चढे दस्त असायला तर हवेत! गावातल्या सगळ्यांनीच चाळीसच्या जागी नऊ लिहिले, तर चढा आकडाही दहाच्या पुढे जात नाही. ज्याने एक गुंठाही विकला नाही, ज्याने एजंटाला अंगणातून परत पाठवलं, त्याच्या नुकसानभरपाईतूनही ही रोख कापली जाते. मग गाव उपोषणाला बसतं, आणि अधिकारी त्यांच्यासमोर त्यांचेच दस्त ठेवतो.

नाणारच्या परिसरात रिफायनरीच्या सुमारास बाहेरच्या लोकांनी जमिनी घेतल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. त्या प्रकल्पासाठीची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली आणि २०१९ मध्ये रद्द झाली. तेव्हा भरपूर बोललं गेलं ते घेणाऱ्यांबद्दल. विकणाऱ्यांना काय ठाऊक होतं, यावर फार कमी बोललं गेलं. ‘पडीक’ जमिनीवर कोणी अचानक रोख घेऊन आला तर त्याच्याजवळ पैशाखेरीज आणखी काहीतरी असतं, आणि ते म्हणजे माहिती. रस्त्याची आखणी कुठून जाणार, प्रादेशिक योजनेत कुठला पट्टा कशासाठी दाखवलाय, ही माहिती तहसीलदार आणि नगररचना कार्यालयात काकांनाही मागता येते. मागायची मात्र सही करण्याआधी.

‘पडीक’ या शब्दाचा मला राग आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिला की सगळ्यांनी मान डोलवायची. ज्या कातळाला हे पडीक म्हणतात, त्याच कातळात सुरुंगाने खड्डे फोडून, डोक्यावरून माती वाहून आपल्या आज्यांनी हापूसची कलमं उभी केली. घरं उभी राहिली ती त्याच जांभ्याच्या चिऱ्याची. पावसाळ्यात सडा पाणी जिरवतो, ते खालच्या वाडीच्या विहिरीला आणि पऱ्याला मिळतं. चार महिने गुरांना चारा तिथला. आणि कातळशिल्पं? कशेळीला सड्यावर कोरलेला अवाढव्य हत्ती आहे. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, बारसू आणि उक्षीसकट. कित्येक वर्षं त्यांच्या अंगावरून गुरं जात होती आणि कागद म्हणत होता, खराबा. एजंट तोच कागद पुढे करून भाव पाडतो.

भाव पाडायचा दुसरा बहाणा म्हणजे कूळ. “परवानगीची भानगड आहे, ती मी बघतो, तेवढे कमी करा.” कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीसाठी पूर्वी परवानगी लागायची, हे खरं. पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाने खरेदी करून दहा वर्षं उलटली असतील तर परवानगी लागत नाही. शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरायचा, घेणारा शेतकरी असायला हवा, तुकडेबंदी आणि कमाल धारणेचा नियम मोडता कामा नये. वरकस जमिनीचा सारा असून असून किती असणार? त्याच्या चाळीस पट म्हणजे किरकोळ रक्कम, आणि तिच्या नावाने लाखांनी भाव पाडतात. घेणारा शेतकरी आहे का, हे विचारायला मात्र काका विसरतात. तो शेतकरी नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ही खरेदी टिकत नाही, आणि पुढची वर्षं तारखा खाण्यात जातात.

रोखीचा सगळ्यांत जास्त फटका बसतो बहिणींना. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो जन्मानेच मिळतो, दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असोत वा नसोत. तरीही एजंटाच्या तोंडी बहीण म्हणजे ‘अडचण’. तिला माहेरी जेवायला बोलावतात. जेवणानंतर हक्कसोडपत्र पुढे येतं. “ताई, सातबाऱ्यावरची नावं कमी करतोय, नुसती सही कर.” कागदावरच्या नऊ लाखांचा आकडाही तिला धड सांगत नाहीत, चाळीस तर सोडाच. भाऊ आतल्या खोलीत दार लावून गड्ड्या वाटतात आणि ती साडीचोळी घेऊन संध्याकाळच्या एसटीने सासरी जाते. दोन वर्षांनी तिला खरा भाव कळतो तेव्हा माहेर तुटतं. रक्कम प्रत्येक हिस्सेदाराच्या खात्यात गेली असती, खरेदीखतात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा आकडा लिहिला असता, तर हा खेळ करताच आला नसता. भावांनाही रोख हवीशी वाटते ती इथे, आणि हे मी स्पष्टच लिहितो.

जमीन विकूच नका, असं मी म्हणणार नाही. गावात कसणारं कोणी उरलं नाही, मुलं परत यायची नाहीत, पैशाची गरज खरी आहे, तर विकावी. थेट विकावी हेही बरं. मधला माणूस गेला की त्याची दलाली वाचते. पण थेट विकायचं तर एजंट ज्याला ‘कटकट’ म्हणतो ती कामं आधी आपण करायची. भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून हद्द कायम मोजणी करून घ्यावी, कारण जुने गडगे सरकतात आणि विकताना पाच गुंठे कमी भरले की भाव घेणारा सांगेल तो. मयतांची नावं काढून वारस लावून घ्यावेत. रस्ता नसेल तर तहसीलदारांकडे बांधावरून रस्त्यासाठी अर्ज करता येतो. जमीन महसूल संहितेत त्याची तरतूद आहे. रस्त्याकडची जमीन आधी घ्यायची, मग मागच्यांना कोंडून पडत्या भावात उचलायची, ही चाल सगळ्या सड्यांवर चालते. म्हणून मागच्यांनी आणि पुढच्यांनी मिळून बोलणी करावीत. कुलमुखत्यारपत्रावर तर विकूच नये. अशा कागदाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. पण नाव तुमचं राहतं आणि तुमच्या नावाने सह्या दुसराच करत सुटतो.

शासनाकडेही एक मागणी आहे. दुय्यम निबंधक कबुलीजबाब घेतोच, ‘सही तुमचीच ना?’ विचारतो. त्याच वेळी त्याने विकणाऱ्याला एकट्याला समोर बसवून, घेणाऱ्याला आणि एजंटाला बाहेर थांबवून विचारावं: रक्कम किती ठरली, किती मिळाली, खात्यावर दिसते का? पाच मिनिटांचं काम आहे.

ते होईपर्यंत काकांनी पडवीतच सांगून टाकावं. ठरलेला पुरता आकडा खरेदीखतात, बहिणींसकट सगळ्यांच्या खात्यांवर, आणि पैसे जमा झाल्याचं बँकेत खात्री करूनच अंगठा. खरं गिऱ्हाईक याला तयार होतं, कारण त्यालाही उद्या कोर्टकज्जा नको असतो. जो उठून गाडीत बसेल त्याला थांबवू नका. आणि मोजणीचा अर्ज त्याच आठवड्यात भरून टाका, सगळे हिस्सेदार गावात आहेत तोवर.