टिकेल ना?

"टिकेल ना?" हे विचारल्याशिवाय आमच्या घरात पाकिटाची चेन उघडत नाही. स्टीलच्या डब्यांवर आजेसासऱ्यांचं नाव कोरलेलं आहे, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत मोहरी-मेथी पिढ्यानपिढ्या नांदते आणि फुटकी बादली कोरफडीच्या नावावर केलेली आहे. अशा घरात मी काथ्याच्या कुंड्या आणल्या. त्यांची सगळी थोरवी ही, की त्या टिकत नाहीत.

"म्हणजे कुजणारी वस्तू पैसे देऊन आणलीस?" सासूबाईंनी विचारलं. त्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्या लहानपणी नारळाची सोडणं न्हाणीघराच्या चुलीत जायची, फुकट. आता तीच सोडणं किंमत लावून, वर चकचकीत प्लास्टिक गुंडाळून घरी आली होती. त्या प्लास्टिकचा मुद्दा त्यांनी काढलाच. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी झारी भरायला गेले.

कुंडी म्हणजे हाताच्या ओंजळीएवढा तपकिरी पेला. काथ्याच्या धाग्यांवर रबराचा चीक मारून साच्यात दाबलेला. कितीही दाबला तरी दोन-चार धागे बाहेर येतातच, शाळेला उशीर झालेल्या पोराच्या केसांसारखे. पहिलं पाणी घातलं की ओल्या सुंभाचा वास येतो आणि तळातून चहाच्या रंगाचं पाणी टपकायला लागतं. हे पाणी आमच्या ग्रिलमधून थेट खालच्या मजल्यावरच्या पांढऱ्या चादरींवर गेलं. तेव्हापासून पर्यावरण या विषयावर खालच्या काकूंशी माझं बोलणं होत नाही.

मला गंमत वाटते ती काथ्याच्या दुहेरी कीर्तीची. केरळात सोडणं खाऱ्या पाण्यात सहा-सहा, दहा-दहा महिने बुडवून ठेवतात. तेवढ्या काळात धाग्यांना धरून ठेवणारा भाग कुजतो, धागा शाबूत राहतो. अजिंठ्याच्या एका चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं 'आयएनएस कौंडिण्य' हल्लीच गोव्यात बांधलं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. 2025 मध्ये ते नौदलात दाखलही झालं. समुद्राला दाद न देणाऱ्या या धाग्याला मी माझ्या बाल्कनीत सांगते आहे, बाबा रे, तू जरा लवकर कुज.

तो ऐकत नाही. काथ्यात लिग्निन नावाचा चिवट घटक सुमारे 40 टक्के असतो, तागात जेमतेम 12-13. लिग्निन फोडणं जिवाणूंना जड जातं, ते काम मुख्यतः बुरशीचं, आणि बुरशी सावकाश कारभार करते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपल्या पूर्वजांना सूक्ष्मदर्शकाशिवाय ठाऊक होतं. माती कोरडी असेल, तर वर्ष उलटल्यावरही उकरताना कुंडीचे अवशेष हाती लागतात. पुड्यावरच्या जाहिरातीत मात्र ती अगदी हळदीकुंकवाला आल्यासारखी पटकन निघून जाते.

पण रोपांना ती मानवते, हे कबूल करायला हवं. प्लास्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला आपटतं आणि गोल गोल फिरत बसतं. काथ्याच्या भिंतीशी आलं की त्याला हवा लागते, टोक सुकतं, आणि मागून नवे फाटे फुटतात. काकडी, दोडका, पपई ही मंडळी मुळांना हात लावलेला खपवून घेत नाहीत. त्यांना कुंडीसकट जमिनीत उतरवता येतं. फक्त काठ मातीत पुरता गाडायचा. तो बाहेर राहिला, तर मुळांजवळचं पाणी ओढून हवेला वाटत बसतो. एरवीही ही कुंडी पाण्याला उधळीच. एप्रिलमध्ये सकाळी घातलेलं पाणी दुपारच्या जेवणापर्यंत पुरत नाही, त्यामुळे गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी लागते. खालच्या नव्हे, समोरच्या.

मध्यंतरी एक बुलबुलाची जोडी यायला लागली. रोपांकडे ढुंकूनही न बघता ती काठावर बसायची, चोचीत एक धागा धरायची, पाय रोवून मागे झुकायची आणि हिसका द्यायची. धागा तुटला तर नवा. कुंडीला एका बाजूने टक्कल पडत चाललं. "चला, कोणाच्या तरी घराला लागली," असं सासूबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्या कुंडीकडे जरा प्रेमाने पाहिलं.

दोडक्याचं रोप चार पानांवर आलं, तेव्हा सोसायटीच्या कुंपणाशी लावायला खाली नेलं. माळीकाकांनी खड्डा केला, खत घातलं आणि खिशातून चाकू काढून कुंडी हलकेच कापायला घेतली. मी घाईने म्हटलं, "अहो काका, तशीच ठेवा, कुंडीसकट लावायचं असतं ते!"

त्यांनी कुंडी उलटसुलट करून पाहिली. "ताई, चांगली आहे की अजून. कशाला पुरताय?"