पेपरवाले सर

फेब्रुवारी लागला की कळमन्याच्या बाजारात मृग बहाराची संत्री उतरतात आणि नागपूरच्या कॉलेजांत राष्ट्रीय चर्चासत्रं. दोन्हींचा जोर मार्चअखेरपर्यंत. संत्र्यांचं कारण झाडाला ठाऊक; चर्चासत्रांचं कारण 31 मार्चला ठाऊक, कारण तोवर अनुदान खर्ची पडलं नाही तर ते आलं तसं परत जातं. या दिवसांत सकाळी लॉ कॉलेज चौकाच्या सिग्नलला ॲक्टिव्हावर एक गृहस्थ हमखास दिसतात. पायाशी कापडी पिशवी, पिशवीवर मागच्या सेमिनारचं नाव, पिशवीत त्याच्या मागच्या सेमिनारची फाईल. हेच आमचे पेपरवाले सर. एकदा ओळखले की उरलेले दहा-वीसही ओळखू येतात.

सरांचा पगार मराठीचा निघतो. एवढा एक पुरावा सोडला तर त्यांचा मूळ विषय कोणता, हे सांगणं अवघड आहे. कापूस उत्पादकांच्या समस्या, महिला बचत गट, जीएसटी, ताणतणाव आणि प्राणायाम, ग्रंथालयांचं संगणकीकरण, अंबाझरी तलावाचं जलप्रदूषण, गांधीजी, क्रिकेट : सगळ्यांवर त्यांचे शोधनिबंध आहेत आणि सगळे छापूनही आले आहेत. हे जमतं कसं, असं विचारलं तर सर समजावणीच्या सुरात म्हणतात, "काहून नाही जमणार, भाऊ? आता जमाना मल्टिडिसिप्लिनरीचा आहे. विषय बदलते, अभ्यास तोच राहते."

हे अक्षरशः खरं आहे. अभ्यास तोच राहतो.

सरांच्या शोधनिबंधाच्या नावाचे तीन तुकडे असतात. पहिल्या तुकड्यात विषय. दुसऱ्यात 'नागपूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात'. तिसऱ्यात 'एक चिकित्सक अभ्यास'. दुसरा आणि तिसरा तुकडा कायमचे टाईप करून ठेवलेले आहेत, त्यामुळे नवीन ज्ञानाची गरज पहिल्या तुकड्यापुरतीच पडते. नमुना नेहमी 100 जणांचा. हे 100 जण म्हणजे बी.कॉम. पहिल्या वर्षाचा वर्ग. शेतकऱ्यांची आत्महत्या असो, निवृत्तांचं आरोग्य असो, प्रश्नावली भरायला तीच पोरं. एका वर्षी त्यांतल्या अठरा वर्षांच्या मुलांनी 'नातवंडांसोबत वेळ घालवता का?' याला 'कधी कधी' असं उत्तर दिलं होतं आणि त्याचा पाय-चार्टही निघाला होता.

गृहीतक मात्र सरांचं कधी चुकत नाही. 'सदर गृहीतक सिद्ध झाले आहे' हे वाक्य त्यांच्या प्रत्येक लेखात येतं. न्यूटनला दुरुस्त करायला आइन्स्टाइन यावा लागला. सरांना दुरुस्त करायला अजून कोणी आलेलं नाही, कारण त्यासाठी आधी वाचावं लागेल. शेवटी शिफारस असते : 'शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे.' शासनाचं लक्ष आहे की नाही कोण जाणे, पण गांभीर्य सरांच्या चेहऱ्यावर पुरेपूर असतं.

त्यांची उत्कृष्ट कृती म्हणून मी 'मेघदूतातील जलव्यवस्थापन : रामटेकच्या विशेष संदर्भात' या निबंधाचं नाव घेईन. कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. मिराशींची गोष्ट वेगळी होती. तो माणूस वाकाटकांच्या ताम्रपटांवरची अक्षरं वर्षानुवर्षं लावत बसला, तेव्हा कुठे 1963 मध्ये त्या राजघराण्याच्या लेखांचा ग्रंथ निघाला. सरांनी मिराशींना तळटीपेत नमस्कार घातला आणि दोन रात्रींत मेघाला पाणीपुरवठा खात्यात नोकरीला लावलं. वाणिज्य विभागातल्या एका मित्राने त्यातच थोडी फिरवाफिरव करून 'यक्षाचा निरोप आणि आधुनिक कुरिअर सेवा' असा आपला वेगळा पेपर काढला. दोघांनी एकमेकांची नावं दोन्हींवर टाकली. सरांच्या भाषेत याला 'कोलॅबोरेशन' म्हणतात.

हे सगळं सर मुळातच असे होते म्हणून झालं, असं समजू नका. सर नोकरीला लागले तेव्हा बरे शिकवत. केशवसुत शिकवताना पोरं मागच्या बाकावरूनसुद्धा ऐकत, असं सांगणारे लोक अजून महाल भागात आहेत. मग 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीला गुणांचं कोष्टक लावलं. अमुक शोधनिबंधाला इतके गुण, तमुक परिषदेला तितके. केशवसुत चांगले शिकवल्याचे गुण मोजायला अवघड, पेपर मोजायला सोपे. कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल अडली, शेजारच्या विभागातला ज्युनियर पुढे गेला, आणि सरांनी पहिला पेपर लिहिला. मागणी आली तसा पुरवठाही आला. पैसे भरले की संध्याकाळपर्यंत 'तज्ज्ञांनी तपासून स्वीकारला' असा मेल धाडणारी जर्नल्स निघाली. त्यांच्या नावात एक तरी 'इंटरनॅशनल' असतं आणि पत्ता कुठल्या तरी गाळ्याचा. ही गर्दी आवरायला आयोगाने 2019 मध्ये मान्य जर्नल्सची केअर लिस्ट आणली, तेव्हा सरांचे काही महिने वाईट गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये ती लिस्टच बंद झाली. त्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये तर्री-पोहे मागवले होते. माझं मत विचाराल तर पाऊण दोष त्या कोष्टकाचा आणि पाव सरांचा. पण तो पाव सरांनी मनापासून वाढवला, हेही खरं.

सर खुलतात ते चर्चासत्रात. नोंदणीच्या टेबलावर ते आधी किट तपासतात. पेन चालतं का, पॅडला कागद किती, जेवणाचं कूपन आहे ना. मग सभागृहात दाराजवळची खुर्ची. उद्घाटन दहाचं असतं, म्हणजे साडेअकराचं. दीपप्रज्वलनाला वात पेटत नाही, मेणबत्ती सापडते तर काडेपेटी सापडत नाही. व्यासपीठावर अकरा जण, प्रत्येकाचा परिचय, प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला कुंडीतलं रोपटं. बीजभाषण करणारे पाहुणे 'मी फार वेळ घेणार नाही' असं म्हणून वैदिक काळापासून सुरुवात करतात आणि ब्रिटिश यायच्या आत जेवणाची घंटा होते. जेवण उत्तम. वांग्याची भाजी, कढी, पुरी आणि जिलेबी. ज्याने कोणी 'विदर्भात संशोधनाची भूक नाही' असं म्हटलं असेल, त्याने ती रांग पाहावी.

जेवणानंतर टेक्निकल सेशन. शोधनिबंध 47, वेळ दीड तास, अध्यक्षांची गाडी चारला सुटणार. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, पुढे दोन, पुढे अध्यक्ष हात जोडून म्हणतात, "उरलेल्यांनी पेपर वाचला असं आपण समजू." इथे सरांचा अनुभव कामी येतो. ते प्रमाणपत्रांच्या टेबलाजवळ आधीच जाऊन उभे असतात, स्वतःचं घेतात, मग घरी राहिलेल्या मित्राचंही घेतात. सभागृहात तोवर साऊंडवाला वायर गुंडाळत असतो.

2020 च्या टाळेबंदीत मात्र सरांचा सुवर्णकाळ आला. वेबिनार! कूपन नाही हे दुःख, पण एका वेळी तीन ठिकाणी हजर राहता येत होतं. एका कानात नॅनोटेक्नॉलॉजी, दुसऱ्या कानात संत साहित्य, आणि हाताने गोकुळपेठच्या बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडणं, असं मी त्यांना डोळ्यांनी पाहिलं आहे. शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र. त्या काळात सरांनी इतकी प्रमाणपत्रं मिळवली की घरच्या प्रिंटरने आधी जीव सोडला.

जानेवारी 2023 मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शताब्दीला भारतीय विज्ञान काँग्रेसचं 108 वं अधिवेशन अमरावती रोडच्या कॅम्पसवर भरलं. सर पाचही दिवस गेले. 1920 साली हीच काँग्रेस नागपुरात भरली होती आणि अध्यक्षपदी रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय होते, ही माहिती त्यांनी मला दिली तेव्हा मी चकित झालो. सरांना एक खरी गोष्ट ठाऊक होती आणि तिच्यावर त्यांनी अजून पेपर लिहिला नव्हता. तो पुढच्या महिन्यात आला.

सर पीएच.डी.चे मार्गदर्शकही आहेत. सहयोगी प्राध्यापकाला सहा विद्यार्थी घेता येतात. सरांकडे सहाच्या सहा जागा भरलेल्या. हे विद्यार्थी चाळिशीतले, बालबच्चेवाले आणि गाडी चालवण्यात तरबेज. कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, आणि मराठी मजकुरापुढे सॉफ्टवेअर हात टेकतं, असा सरांचा सिद्धान्त आहे. हा एकच सिद्धान्त त्यांनी प्रयोगाने तपासला आहे. मौखिकीला बाहेरगावचे परीक्षक आले की त्यांना सकाळी दीक्षाभूमी, दुपारी रामटेक, रात्री सावजी आणि परतीच्या पिशवीत संत्रा बर्फी असा कार्यक्रम ठरलेला. प्रबंधावर प्रश्न विचारायला पाहुण्यांच्या अंगात जोर उरत नाही. एकदा कुणी तरी विचारलंच, "या संशोधनातून नवीन काय निघालं?" विद्यार्थी सरांकडे बघू लागला, सर पाहुण्यांकडे, आणि तेवढ्यात समोसे आले.

गंमत अशी की सर रोज ज्या रस्त्याने जातात, त्या अमरावती रोडवरच मातीचा अभ्यास करणारं राष्ट्रीय ब्युरो आहे, पुढे लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे. वर्धा रोडच्या बाजूला कापसाची आहे, आणि पाणी व हवा तपासणारी नीरी तर 1958 पासून आहे. सरांनी माती, संत्रं, कापूस, हवा या चारींवर लिहिलं. एकाही फाटकाच्या आत गेले नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. लखनौच्या शास्त्रज्ञांनी ती फोडून पाहिली, तिच्यात गवताचे अवशेष निघाले, आणि त्या काळी गवत होतं हे 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातून जगाला कळलं. हे सरांना सांगितलं तर ते नाकाला रुमाल लावून म्हणाले, "शेणात हात घालायला ते लोक मोकळे असतील जी. आपल्याला नॅकचं मूल्यांकन आहे."

तसा सगळे विषय एकट्याने अंगावर घेणारा माणूस नागपूरने पूर्वी पाहिला आहे. पाद्री स्टीफन हिस्लॉप. धर्मप्रसाराला आला, शाळा काढली, उरलेल्या वेळात इथले खडक, जीवाश्म, झाडं, गोंडी बोली आणि शिलावर्तुळं धुंडाळत फिरला. गोंडांविषयीचं त्याचं टिपण रिचर्ड टेम्पलने 1866 मध्ये छापलं, तेव्हा हिस्लॉप जिवंत नव्हता. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना तो भरलेल्या ओढ्यात बुडाला. सर त्याच्या नावाच्या कॉलेजात सेमिनारला कैकदा गेले आहेत. ओढे टाळून, वेळेवर घरी परत.

तशीच वर्तुळं काटोल रोडवर जुनापाणीला आहेत, सुमारे 300, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी रचलेली. शहरातून निघालात तर अर्धा दिवस पुरतो. सरांचा त्यावर पेपर छापून आलेला आहे आणि जाणं व्हायचं आहे. तुम्हाला सवड असेल तर उन्हाळा तापायच्या आत जाऊन या, पाणी सोबत ठेवा. प्रमाणपत्र मिळत नाही.