यंत्राचा वास

आमच्या सोसायटीत कोणी वारलं, की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सगळे हात जोडतात. नाना आधी चष्मा पुसतात, श्रद्धांजलीचा मजकूर दोनदा वाचतात आणि खाली लिहितात, 'हे माणसाचं नाही.' एकदा गेलेल्याच्या मुलाला वाटलं, नाना वडिलांबद्दलच बोलताहेत. मिटवामिटवी तेराव्यापर्यंत चालली.

30 नोव्हेंबर 2022ला चॅटजीपीटी आलं आणि नानांच्या जातीची माणसं गल्लोगल्ली निघाली. पूर्वी हीच मंडळी भाजीवाल्याचा काटा तपासत असत. आमचे नाना मात्र मूळचे मुद्रितशोधक. उभी हयात छापखान्यात प्रुफं वाचण्यात गेली. साहित्य महामंडळाचे लेखनाचे 18 नियम त्यांना शेजाऱ्यांच्या नावांपेक्षा चांगले आठवतात. निवृत्तीनंतर हाताला काम नव्हतं, ते एआयने दिलं.

गणपतीच्या वर्गणीची नोटीस लागली : 'गणेशोत्सव हा केवळ सण नाही, तर एकतेचा, श्रद्धेचा आणि संस्कृतीचा संगम आहे.' नानांनी लाल पेनने 'केवळ'भोवती गोल काढला. "हा आला की मागून 'नाही, तर' येणारच." मग एकता, श्रद्धा, संस्कृती यांच्या डोक्यावर 1, 2, 3 असे आकडे घातले. "बरोबर तीन! माणूस एक तर दोनावर दमतो, नाही तर सातापर्यंत वाहवतो." पण खरी मेख त्यांनी शेवटी काढली. अख्ख्या नोटिशीत वर्गणी किती, हेच नव्हतं. इथे मी नानांच्या बाजूने. माणसाने लिहिली असती, तर पहिल्याच ओळीत '501 रुपये' आले असते आणि संस्कृतीला जागा उरली नसती.

'चला तर मग, जाणून घेऊया' म्हटलं की नाना उठून जातात. पुरणपोळीच्या कृतीत 'समृद्ध वारसा' आला, की पुरण नक्की सैल झालंय म्हणतात. नातवाने त्यांना इंग्रजीतल्या खुणाही सांगितल्या : 'डेल्व्ह' हे क्रियापद आणि वाक्यावाक्यात लांब आडवी रेघ. तेव्हापासून नाना अपसारणचिन्हं मोजतात. छापखान्यात असताना तीच चिन्हं ते लेखकांच्या मजकुरात स्वतः घालायचे, पण तो विषय त्यांना आवडत नाही.

नातू इंजिनिअरिंगचा. त्याने समजावलं, "आजोबा, असा वास घेता येत नाही. ओपनएआयने स्वतः ओळखयंत्र काढलं. यंत्राचे शंभर मजकूर दिले तर जेमतेम 26 पकडायचं, आणि माणसांच्या शंभरातल्या 9 जणांवर खोटा आळ घ्यायचं. जुलै 2023मध्ये गुंडाळलं." स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तर दाखवलं होतं, की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांचे निबंध अशी यंत्रं सर्रास यंत्राचे ठरवतात. नाना म्हणाले, "ते इंग्रजीचं झालं. मराठीला नाक लागतं."

सेक्रेटरीही एकदा चिडले. "नाना, यंत्र हे आपल्याकडूनच शिकलं. 'कधीही भरून न येणारी पोकळी' आपण किती वर्षं निर्माण करतोय?"

"ती पोकळी आपली होती," नाना म्हणाले.

गंमत पुढेच आहे. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, तो आता चुकांवर जीव टाकतो. वॉचमनने फळ्यावर 'उद्या पाणि येनार नाय' लिहिलं, तेव्हा नानांचे डोळे भरून आले. कोणाला पुसू देईनात. ओल्या फडक्याची भीती नको, म्हणून फोटो काढून ठेवला.

हे सेक्रेटरींनी हेरलं. पुढची नोटीस यंत्राकडूनच लिहून घेतली, पण वर सांगितलं, मधूनमधून चार चुका टाक. नाना लिफ्टसमोर उभे राहिले, बटण दाबलं आणि लिफ्ट येईपर्यंत वाचायला लागले. लाल पेन निघालं. "चार चुका, चारही ऱ्हस्व-दीर्घाच्या, आणि बरोबर एक ओळ सोडून एक! माणूस इतक्या शिस्तीत चुकतो होय?" पुन्हा बटण दाबलं. पुन्हा वाचलं. जिन्यावरून धापा टाकत उतरणाऱ्या देशमुखवहिनींनी शेवटी सांगितलं, "नाना, लिफ्ट शनिवारपर्यंत बंद आहे. तेच लिहिलंय त्यात."